दिवे आपले, डोळे दुसऱ्याचे

दिवाळीच्या सुटीत रात्री मोटारीने गावी जाताना हा प्रसंग तुम्ही पाहिला असेल. मागे तिघे दाटीने बसलेले, डिकी सामानाने गच्च. समोरून येणारा चालक दिव्यांची उघडझाप करून सारखा खुणावतो. बाबा चिडून म्हणतात, "याला झाले काय? माझे दिवे तर डिपरवरच आहेत!" गंमत अशी, की दोघांचेही खरे असते. कसे, ते थोड्या गणिताने पाहू.

समजा, मोटारीचा दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे. डिपरचा झोत किंचित खाली झुकवलेला असतो. साधारणपणे दर १० मीटरला १० सेंटिमीटर. आता ओझ्याने मोटारीची मागची बाजू ५ सेंटिमीटर दबली. पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर धरले, तर २५० सेंटिमीटरला ५, म्हणजे १०० ला २ इतका कल पडला. त्यामुळे उतरणारा झोत दर १० मीटरला १० सेंटिमीटर चढू लागतो! ६० मीटरवर तो १२५ सेंटिमीटर उंचीवर पोहोचतो, आणि समोरच्या मोटारचालकाचे डोळे जवळपास तेथेच असतात.

यावर उपाय आहे. मागच्या चाकांजवळ, काही गाड्यांत पुढेही, एक संवेदक बसवतात. चाक आणि गाडीचा सांगाडा यांतील अंतर बदलले, की त्याची लहानशी दांडी फिरते. त्यावरून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कल ठरवते आणि दिव्यामागची विजेची छोटी मोटर झोत तेवढाच खाली आणते. एखाद्या खड्ड्याने दिवा नाचू नये म्हणून यंत्रणा काही काळाची सरासरी काढते. ही कल्पना नवी नाही. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९६७ साली आपल्या डीएस मोटारीला आपोआप सावरणारे दिवे दिले होते.

मग ही सोय महागड्या गाड्यांचीच मिरासदारी का असावी? युरोपात प्रखर झेनॉन दिव्यांबरोबर ती सक्तीची केली गेली. माझ्या मते दिवा प्रखर करायचा, तर तो सावरण्याची सोयही बरोबर दिलीच पाहिजे. उजेडाचा लाभ गाडीतल्यांना मिळतो. पण समोरच्याचे डोळे दिपले, तर रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्याला काही क्षण दिसतच नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडच्या पुष्कळ मोटारींत चालकाजवळ यासाठी आकड्यांची चकती असते; ओझे वाढले की आकडा वाढवावा, यंत्र कशाला? म्हणणे रास्त आहे. पण झोत वर गेल्याचे आतल्या माणसाला खुपत नाही. उलट रस्ता दूरवर उजळलेला पाहून त्याला बरेच वाटते! म्हणूनच ती चकती शून्यावर राहून जाते. अर्थात, अप्परवर ठेवलेले दिवे डिपरवर आणणे हे काही या यंत्राचे काम नव्हे. ती सवय माणसालाच लावून घ्यावी लागेल.

तेव्हा पुढच्या प्रवासात सामान भरून झाले, की आईला किंवा बाबांना त्या चकतीची आठवण करून द्या. किती ओझ्याला कोणता आकडा, हे मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते वाचून सांगण्याचे काम तुम्हीच घ्या.