जाफन्याचे नाव काढले की आपण गप्प का?

परवा आमच्या गटाची ‘युद्ध आणि स्त्रिया’ या विषयावर बैठक झाली. इराक झाले, अफगाणिस्तान झाले. परके सैन्य मुक्तिदाते म्हणून येते आणि लोक त्याच्यावर कसे उलटतात, यावर सगळ्याजणी पोटतिडकीने बोलल्या. मी जाफन्याचे नाव काढले, तर शांतता! मग एक मैत्रीण म्हणाली, “ते वेगळं गं. आपलं सैन्य शांततेसाठी गेलं होतं.”

वेगळे कसे, ते जरा बघू.

जून १९८७ मध्ये भारतीय विमानांनी वेढ्यात अडकलेल्या जाफन्यावर सुमारे २५ टन मदत टाकली. त्या मोहिमेचे नाव पूमालै, म्हणजे फुलांची माळ. २९ जुलैला राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला, लगेच शांतिसेना उतरली, आणि तमिळ लोकांनी जवानांच्या गळ्यात खरोखरच हार घातले. श्रीलंकेच्या लष्करापासून सुटलो, असे त्यांना वाटले. त्यात त्यांचे काय चुकले? इथे पेपर वाचून मीही खूश झाले होते, हे कबूल करते.

सप्टेंबरात लिट्टेच्या तिलीपनने पाणीही सोडून उपोषण केले आणि तो मेला. १० ऑक्टोबरला लढाई जुंपली. २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, आपले जवान जाफन्याच्या इस्पितळात शिरले. रुग्ण, परिचारिका, डॉक्टर धरून साठाहून अधिक माणसे मारली गेली. आतून गोळीबार झाला होता, असे समर्थन केले गेले. खाटेवरच्या रुग्णाने कुठली बंदूक चालवली असेल?

लोकमत फिरले ते असे. घराघरांत झडत्या होऊ लागल्या, तरुण मुले उचलून नेली जाऊ लागली आणि बायकांवर बलात्कार झाले. ज्या घरांना लिट्टेची दहशत वाटत होती, त्याच घरांतली मुले लिट्टेकडे गेली. हे काही प्रेम नव्हे. दुसरी जागाच उरली नव्हती.

पण तिसरे मतही होते, आणि ते बायकांनी मांडले. मट्टक्कळप्पूच्या मदर्स फ्रंटमधली पूपती, दहा मुलांची आई. युद्ध थांबवा आणि बोलणी करा, एवढीच मागणी घेऊन ती १९८८ च्या मार्चमध्ये उपोषणाला बसली आणि महिनाभराने, १९ एप्रिलला, गेली. पुढे लिट्टेने तिला आपली हुतात्मा करून टाकले. जाफना विद्यापीठातली डॉक्टर रजनी तिरानगमा एकेकाळी लिट्टेच्या बाजूची. तिने बायकांशी बोलून शांतिसेनेच्या काळातले त्यांचे अनुभव लिहिले, बलात्कारांसकट. ‘द ब्रोकन पामायरा’ या पुस्तकात ते प्रकरण आहे. तिने लिट्टेलाही सोडले नाही. २१ सप्टेंबर १९८९ ला विद्यापीठातून सायकलने घरी जाताना तिला गोळ्या घातल्या. ते लिट्टेचेच काम, असे तिच्या सहकाऱ्यांनी म्हटले. ताब्यातल्या मुलखात लोकमत ‘एकमुखी’ दिसते, तेव्हा कुणाची तोंडे बंद केली गेली, हे आधी विचारावे.

कोलंबो सरकारच्या संमतीने गेलेल्या सैन्याला ‘ताबा’ म्हणता येत नाही, असा कायद्याचा मुद्दा मला ऐकवला गेला. असेल. जाफन्यातल्या बाईची संमती कुणी घेतली होती?

आणि आपले लोकमत? तेही फिरले, पण सुमारे बाराशे जवान मेले म्हणून. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यावर केवढा गहजब झाला! त्या बायकांसाठी इथे कुणी मोर्चा काढल्याचे मला तरी आठवत नाही. मीही काढला नाही. शेजारणीचा मुलगा तिथे होता. तो सुखरूप आला म्हणून आम्ही पेढे वाटले. तिथे काय झाले, हे त्याला कुणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

पुढच्या बैठकीत रजनीचे ते प्रकरण वाचायला घेऊ, असे मी सुचवले आहे. अजून दोघींनीच होकार दिला आहे.