विमा माणसाला द्या, नोकरीला नको

गेली सहा वर्षं मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या होम केअर एजन्सींसाठी सॉफ्टवेअर लिहितो. होम केअर म्हणजे वृद्ध किंवा अपंग माणसाच्या घरी जाऊन त्याला आंघोळ घालणं, भरवणं, बिछान्यातून उठवून खुर्चीत बसवणं. आपल्याकडे ब्युरोतून मावशी येतात, तेच काम. तिथे गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी आरोग्य योजना आहे. त्या पैशातून होणाऱ्या अशा प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद २०१६ च्या एका कायद्याने सक्तीची केली. कोणती सेवा, कुणाला, कुणी, कोणत्या तारखेला, कुठे दिली, आणि किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपली. या सहा रकान्यांवर माझं घर चालतं.

डिसेंबरमध्ये एका एजन्सीच्या मालकीणबाईंनी वेगळाच रिपोर्ट मागितला. प्रत्येक मदतनीस बाईची २०२६ सालची अंदाजे कमाई महिन्यागणिक दिसली पाहिजे, आणि सोबत त्यांची स्वतःचीही. मला वाटलं करासाठी असेल. त्या म्हणाल्या, नाही, विम्यासाठी. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः हेच काम करायच्या. आज त्यांच्याकडे तीसेक बायका आहेत. मालकीण आणि बायका, सगळ्या आपापला विमा सरकारी बाजारातून, अनुदानावर घेतात.

हे अनुदान कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. ओबामांच्या काळातल्या २०१० च्या कायद्याने, ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांच्या हप्त्यात सरकार भर घालू लागलं. पण वरची मर्यादा होती, दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्न. २०२१ मध्ये ती मर्यादा काढली. कुणालाही ठरावीक दर्जाच्या विम्यासाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त भरावं लागणार नाही, आणि अगदी कमी कमाईवाल्यांना हप्ता शून्य, असं ठरलं. २०२२ मध्ये याला २०२५ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली. पुढचं काय, या भांडणात गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प होतं. तोडगा निघाला नाही, आणि ३१ डिसेंबरला वाढीव अनुदान संपलं.

आता आकडे पाहा. होम केअरमध्ये काम करणाऱ्यांची २०२४ मधली मध्यम वार्षिक कमाई ३४,९०० डॉलर होती. एकटी राहणारी बाई एवढं कमावत असेल, तर तिचा महिन्याचा हप्ता सुमारे ८५ डॉलरवरून सुमारे २१५ डॉलरवर जातो. २३ हजारांच्या आसपास कमावणारीला काल शून्य होता, आज महिना ८० डॉलरच्या घरात. तुम्ही म्हणाल, ८० डॉलर म्हणजे काय मोठं? या बाईच्या हिशेबात तो तिच्या गाडीच्या पेट्रोलचा पैसा आहे, आणि गाडी नसेल तर भेट नाही, भेट नाही तर पगार नाही.

मालकीणबाईंचं गणित आणखी विचित्र. त्या आणि त्यांचे पती, दोघं साठीच्या पुढे. दोघांच्या कुटुंबासाठी या वर्षीची मर्यादा ८४,६०० डॉलर. उत्पन्न त्याच्या आत राहिलं तर हप्ता उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आत. एक डॉलर वर गेला की अनुदान पूर्ण बंद, आणि त्यांच्या वयात पूर्ण हप्ता म्हणजे वर्षाला वीस हजार डॉलरहून जास्त फरक. माझ्या हाताखालच्या नवख्या मुलाने असा कोड लिहिला असता तर मी परत पाठवला असता. जिथे उतरण हवी तिथे कडा ठेवलाय. शिवाय या वर्षापासून आणखी एक बदल आहे. अंदाज चुकला आणि जास्त अनुदान घेतलं गेलं, तर ते सगळंच्या सगळं परत करायचं, पूर्वीसारखी त्याला मर्यादा नाही. म्हणून त्यांना दर महिन्याचा रिपोर्ट हवा होता.

आणि कडा फक्त वर नाही, खालीही आहे. टेक्सास, फ्लोरिडा धरून दहा राज्यांनी मेडिकेडचा विस्तार केलेला नाही. तिथे मुलंबाळं नसलेल्या एकट्या बाईची कमाई वर्षाला १५,६५० डॉलरपेक्षा कमी झाली, तर तिला अनुदानही नाही आणि बहुतेक वेळा मेडिकेडही नाही. म्हणजे तिचा पेशंट वारला, तास कमी झाले, की विमाही गेला.

मग एजन्सीनेच विमा का देऊ नये? सरळ प्रश्न आहे. पन्नासपेक्षा कमी पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकावर सक्ती नाही. मेडिकेड एका तासाला किती देणार ते राज्य ठरवतं, मालकीणबाई दर वाढवू शकत नाहीत. पन्नासच्या वरच्या एजन्सीवर सक्ती आहे, पण आठवड्याला ३० तास काम करणाऱ्यांपुरती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. एखादीचे तास २९ झाले की शेड्यूल लावणाऱ्याला पिवळी खूण दिसते. तो पुढची शिफ्ट दुसरीला देतो. ती खूण २०२१ मध्ये मी लिहिली. त्या वेळी ते एक तिकीट होतं, दोन दिवसांचं काम, संपवलं आणि बंद केलं.

वाढीव अनुदानाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. ते कायम ठेवायचं तर दहा वर्षांत सुमारे ३५० अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा आहे, आणि हा पैसा शेवटी विमा कंपन्यांकडे जातो. खरं आहे. पण मग कंपन्यांच्या दरांवर बोला. बाईच्या हातातली छत्री काढून घेतल्याने पाऊस थांबत नाही. २०२१ च्या नियमाचा मोठा गुण हा होता की अनुदान माणसाला चिकटलेलं होतं. बाईने एजन्सी बदलली, मालकिणीला एखादा महिना बरा गेला, तरी ते सोबत राहायचं.

हे सगळं मला कळायला डिसेंबरचा रिपोर्ट लागला, याची लाज वाटते, कारण आमच्याच घरात हीच गोष्ट दोन वर्षं चालू आहे. अब्बांना पक्षाघात झाल्यापासून कोंढव्यातल्या एका छोट्या ब्युरोतून एक खाला येतात. बारा तासांची शिफ्ट. अब्बा ऐंशी किलोचे आहेत. गेल्या पावसाळ्यात खालांची कंबर धरली. एमआरआय, गोळ्या, पाच आठवडे घरी. महात्मा फुले योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर, यादीतल्या उपचारांसाठी. खाला दाखल झाल्या नाहीत, घरी पडून राहिल्या. ब्युरोच्या ताईंनी स्वतःच्या खिशातून बारा हजार उचल दिली. आम्ही काय केलं? त्याच संध्याकाळी बदली मावशी मागितली.

ईएसआय आहे की, असं मी ताईंना शहाणपणाने म्हणालो होतो. दहा कामगारांपासून लागू, मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. ताई म्हणाल्या, "भाऊ, बायका माझ्या कामगार आहेत की तुमच्या, हेच कागदावर कुठे लिहिलंय?" आणि तिथेही कडा आहेच. पगार २१ हजारांच्या वर गेला की नवी बाई योजनेबाहेर, आणि चोवीस तास राहणाऱ्या मावशी त्या आकड्याच्या आसपासच असतात. ताईंनी मग सगळ्यांसाठी गट विम्याची चौकशी केली. गेल्या २२ सप्टेंबरपासून माझ्या वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय. ताईंच्या गट विम्यावर मात्र १८ टक्के कायम. ताईंना स्वतःलाही विमा नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. असंघटित कामगारांसाठी ईएसआयच्या सोयी देणारी योजना केंद्राला तिच्याखाली आखता येते. माझी मागणी एवढीच आहे की घरी सेवा देणाऱ्या बायकांसाठी ती आखावी. नोंदणी बाईच्या नावावर असावी, ब्युरोच्या नाही. दहाच्या आतल्या ब्युरोच्या मालकिणीलाही त्यात येता यावं. सरकारचा वाटा कमाई वाढेल तसा हळूहळू कमी व्हावा, एका आकड्यावर तुटू नये. आपल्यापैकी जे कायदा शिकताहेत किंवा संस्थांमध्ये आहेत, त्यांनी हा मसुदा हातात घ्यावा. हिशेबाचा भाग मी करून देतो, तेवढंच मला येतं.

पिवळी खूण काढून टाकावी असं मी जानेवारीच्या बैठकीत सुचवलं. ग्राहकांना ती हवी आहे, असं उत्तर आलं. खाला सप्टेंबरपासून पुन्हा येतात. कमरेला पट्टा बांधून.