काचेवरचे ठिपके

एक काम करा. समोर कीबोर्ड असेलच. बॉस मागे उभा नाही ना, तेवढं बघून घ्या. आता डोळे मिटा आणि एफ आणि जे शोधा. सापडले? त्या दोन कीजवर एक बारीक उंच रेघ असते. दिवसाचे नऊ तास आपण त्या रेघांच्या भरवशावर टाईप करतो आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. मलाही नव्हता. दादाने दाखवला.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने त्याची दृष्टी पूर्ण गेली. आता अडतीसचा आहे, बँकेत नोकरी करतो, क्रिकेटवर तासन् तास भांडतो आणि माझ्या प्रत्येक बॉयफ्रेंडला आवाजावरून नापास करतो. कॉलेजात असताना त्याच्याकडे बटनवाला नोकिया होता. पाचच्या बटनावर उंच ठिपका. त्या ठिपक्यावर अंगठा टेकवायचा, बाकीचे आकडे आपोआप हाताखाली. खिशात हात घालून, न बोलता मेसेज पाठवायचा पठ्ठ्या! मग सगळीकडे टचस्क्रीन आले. दादाने तो नोकिया कितीतरी वर्षं जीव लावून सांभाळला, कारण नवा फोन म्हणजे नुसती गुळगुळीत काच.

तर यंदा त्याच्या वाढदिवसाला काय द्यायचं हे टेन्शन मी एकदम हायटेक पद्धतीने सोडवलं. दृष्टिहीनांसाठीचा स्क्रीनगार्ड! दिसायला साधी पारदर्शक फिल्म, पण आयकॉन्स आणि आकडे जिथे येतात तिथे उंच ठिपके. आयफोनसाठी 'स्पीड डॉट्स' नावाची अशी फिल्म परदेशात निघाली होती. मी दुसऱ्याच कुणाची तरी मागवली. तीन आठवडे वाट बघितली. आमच्या कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याने ती लावताना दोनदा विचारलं, 'मॅडम, बबल राहिलेत, काढू का?'

दादाने बोट फिरवलं आणि खो खो हसला. 'काचबिंदूवाल्याला काचेचे बिंदू! सही आहे.'

आठवडाभराने घरी गेले तर फिल्म गायब. मी जाम फुगले. मग त्याने मला शेजारी बसवून फोन दाखवला. त्याचा स्क्रीन काळा कुळकुळीत, पडदाच टाकलेला. बघायचं नाहीये तर उजेड कशाला? फंडा असा, की आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक नावाचा वाचक असतो. दोन्ही 2009 मध्ये आले. बोट काचेवर ठेवलं की खाली काय आहे ते फोन बोलतो. उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट. हवी ती आली की कुठेही दोनदा टॅप करायचं, नेम धरायची गरज नाही. दादाचा वाचक इतक्या स्पीडने बोलतो की मला ते मिक्सर फिरल्यासारखं वाटतं. टायपिंगसाठी तर तो फोन आडवा धरतो, स्क्रीन समोरच्याकडे, आणि सहा बोटांनी थेट काचेवर ब्रेल उमटवतो. ही सोय आयफोनवर 2014 पासून आहे, टॉकबॅकमध्ये 2020 ला आली. त्यात ठिपके कुठे येतील ते बोटं ठरवतात, काच नाही.

'अगं, तुझे ठिपके जागचे हलत नाहीत,' तो म्हणाला, 'आणि अ‍ॅपवाले एका जागी राहत नाहीत. शिवाय स्वाइप करताना बोट अडखळतं. आपल्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकरच.'

आणि मॉडेल बदललं की फिल्म कचऱ्यात. तरी एका ठिकाणी ती मस्त चालली, हे त्याने कबूल केलं. कस्टमर केअर! 'हिंदीसाठी दोन दाबा' वाली बाई एका बाजूने बोलते, त्याच वेळी त्याचा वाचक आकडे वाचतो, आणि दोघींच्या भांडणात दोन राहतं बाजूला. तिथे पाचवरचा ठिपका म्हणजे जुना नोकियाच परत मिळाला.

त्याचा खरा लोचा वेगळाच आहे. त्याने एक पेमेंटचं अ‍ॅप उघडून दिलं. वाचक म्हणाला, 'बटन. बटन. बटन.' पाठवा कुठलं, रद्द करा कुठलं, काही नाही. बनवणाऱ्याने बटनांना नावंच दिली नव्हती. दोन मिनिटांचं काम असतं हो ते! एका अ‍ॅपमध्ये पिनचे आकडे दर वेळी जागा बदलतात, सुरक्षेसाठी म्हणे. तिथे कुठला ठिपका कामाला येणार? आणि एकदा केवायसीसाठी त्याला सांगितलं, कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावा. हे सांगताना तो हसला नाही. अशाच तक्रारींवर 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 चा भाग असल्याचं सांगितलं आणि केवायसी सगळ्यांना जमेल अशी करायचे आदेश दिले. ऑफिसात अ‍ॅप बनवणारे जे कोणी हे वाचत असाल, लंच ब्रेकमध्ये टॉकबॅक चालू करून स्वतःचं अ‍ॅप डोळे मिटून वापरून बघा. मी माझ्या फोनवर केलं. कॅब बुक करायला अकरा मिनिटं लागली आणि पिकअप चुकला.

फिल्म मात्र वाया गेली नाही असं मी म्हणणार होते, पण गेलीच. मी ती मावशीला देऊ केली. तिलाही काचबिंदू आहे, कडेचं दिसणं कमी झालंय. हा आजार घराण्यात फिरतो आणि गेलेली नजर परत येत नाही, म्हणून दादा गेली दोन वर्षं माझ्या मागे लागलाय की डोळ्यांचं प्रेशर तपासून घे. (पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, बस?) पण मावशीचा फोन वेगळा, फिल्म बसेना. बोलणारा वाचक तिला नको. 'ती बाई सारखी बडबडते,' म्हणे. हिरवं बटन सापडत नाही म्हणून तिचे फोन राहून जायचे आणि मग आम्ही सगळे घाबरायचो.

दादा उठला, चाचपडत तिच्या ड्रेसिंग टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि टिकल्यांचं पाकीट काढलं. हिरवं बटन कुठे येतं ते मला विचारलं आणि त्याच्या बरोबर खाली एक टिकली चिकटवली. वर सरकलं की फोन उचलला. खर्च शून्य.

काल सकाळी मी फोन केला. मावशीने दुसऱ्या रिंगला उचलला.

'मरून लावलीये,' म्हणाली. 'पडली तर पाकिटात अजून सात आहेत.'