पगार ट्रिपवर, संसार उधारीवर

परवा पवनीतल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकजण हप्ता न भरताच गप्प बसली. नवरा कार कॅरिअरवर ड्रायव्हर. म्हणाली, "ताई, हे चाकणहून नव्या मोटारी भरून निघालेत. ट्रिप झाल्याशिवाय पैसे कुठून येतील जी?" महिन्याचा पगार नाहीच. मोटारीला ओरखडा पडला की त्याचे पैसेही यांच्याच हिशेबातून कापतात.

भरतीही तशीच. ओळखीने क्लीनर म्हणून चढायचं, उस्तादाकडे बघून शिकायचं. कायद्याने वय २० हवं, हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना हवा. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. पण दोन मजल्यांवर मोटारी चढवणं, बांधणं कुणी शिकवायचं?

जानेवारी २०२४ मध्ये 'हिट अँड रन'च्या कडक शिक्षेविरुद्ध ड्रायव्हर संपावर गेले. आपल्याला पेट्रोल पंपावरच्या रांगा दिसल्या, रात्र रात्र जागणारा माणूस दिसला नाही. १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तास काम लिहिलं होतं. पाळलं किती जणांनी?

२०२५ मध्ये नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. गारवा हवाच. पण २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तीपत्र बंधनकारक केलंय, ते जास्त मोलाचं.

मैत्रिणींनो, नवरा किंवा मुलगा गाडीवर चढण्याआधी तो कागद मागून घ्या. उद्या काही बरंवाईट झालं, तर कामावर होता हे सांगायला तोच कामी येईल.