मृत्युपत्र वकिलाशिवाय? हो, पण साक्षीदारांशिवाय नाही

‘सोसायटीत नॉमिनी लावला आहे, बँकेतही लावला आहे, मग मृत्युपत्र कशाला?’ हा समज घरोघरी आढळतो. पण नॉमिनी हा बहुतेक वेळा मालक नसतो; वारसांच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. शेअर्सबाबतही हेच लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले.

मृत्युपत्र नसेल तर?
हिंदू पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात समान वाटली जाते. आई हयात नसेल आणि दोन मुले असतील, तर पतीच्या नावावरील राहत्या घरातही पत्नीचा वाटा एक तृतीयांशच. मुलांचे पटले नाही, तर उतारवयात तिच्याच डोक्यावरचे छप्पर वादात सापडते.

वकील लागतोच का?
नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार कोणतीही सज्ञान, मानसिकदृष्ट्या सक्षम व्यक्ती साध्या कागदावर, मराठीतही मृत्युपत्र करू शकते. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी केल्यास कागद गहाळ होण्याची किंवा बदलला जाण्याची भीती उरत नाही.

घोळ कुठे होतो?
सह्यांमध्ये. करणाऱ्याने किमान दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनीही त्याच्यासमोर सह्या कराव्यात. स्वतःच्या अक्षरात लिहिले किंवा नोटरीचा शिक्का घेतला म्हणून साक्षीदार टळत नाहीत. ज्याला मालमत्ता मिळणार आहे, त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये. साक्षीदार वयाने लहान असलेले बरे. वाद झाल्यास हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात साक्ष द्यावी लागते. करणारा वृद्ध वा आजारी असेल, तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.

काय लिहावे?
पूर्ण नाव, पत्ता, तारीख आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य. ‘गावची जमीन धाकट्याला’ इतके पुरत नाही. गट क्रमांक, सदनिका क्रमांक, खाते क्रमांक लिहावेत. ज्याला द्यायचे तो आधीच वारला तर काय, तेही नमूद करावे. अंमलबजावणीसाठी विश्वासू व्यक्ती नेमावी आणि कागद कुठे ठेवला आहे, ते तिला सांगावे. प्रत्येक पानावर सही करावी. हयातीत मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. शेवटचे ग्राह्य धरले जाते.

मर्यादा कोणत्या?
वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. त्यात २००५ पासून मुलीही समान हिस्सेदार आहेत. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात वेगळा कायदा असून निम्मा हिस्सा हक्काच्या वारसांसाठी राखीव असतो.

दुसरे लग्न, दिव्यांग अपत्य, व्यवसायातील भागीदारी किंवा आधीच सुरू असलेला दावा असेल, तर वकिलाची फी वाचवणे महागात पडते. इतरांचे काम दोन पानांत भागते. अडथळा कायद्याचा नसून ‘हे अशुभ बोलणे नको’ या संकोचाचा आहे आणि त्याची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते.