शेतावरील प्रयोगाचा कौल

पिकाच्या नव्या जातीनें जुनीहून अधिक उत्पन्न दिलें व ‘हा फरक संख्याशास्त्राप्रमाणें सिद्ध झाला’ असें अहवालांत छापून आलें, कीं ती जात खरोखर सरस असण्याचा संभव शेंकडा ९५ आहे, अशी पुष्कळांची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे. आणि तिचा भुर्दंड बियाणें विकत घेणारास पडतो.

विसांत एक ही मर्यादा शेतावरच रुजली. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथानें ती रूढ झाली. तिचा अर्थ एवढाच, कीं दोन्ही जाती वस्तुतः बरोबरीच्या असत्या, तर जमिनीच्या कमीजास्त कसामुळें एवढी सरशी विसांत एकापेक्षां अधिक वेळां दिसली नसती. जात सरस आहे कीं नाहीं, याचा संभव त्यांत सांगितलेलाच नाहीं.

तो हवा असेल तर थॉमस बेझ या धर्मोपदेशकाकडे वळावें लागतें. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. पूर्वीं ठाऊक असलेल्या गोष्टींत नवा पुरावा मिळवून संभव ठरवावा, हें त्या मार्गाचें सार. समजा, २०० जाती परीक्षेस घेतल्या व त्यांत २० च सरस आहेत. प्रयोगानें त्यांतील शेंकडा ८० हेरल्या, तर १६ हातीं लागतील. पण बरोबरीच्या १८० पैकीं शेंकडा ५, म्हणजे ९, निव्वळ योगायोगानें निवडल्या जातील. पंचविसांत नऊ फसव्या! मुळांत सरस जाती ४ च असत्या, तर निवडलेल्या सुमारें तेरांत दहा फसव्या निघतील. प्रयोग तोच, कसोटीही तीच.

पूर्वीची समजूत कोणाची धरावयाची, हा बेझच्या मार्गावरील आक्षेप खरा आहे. ती विक्रेत्याची धरली तर सगळेंच फोल. परंतु पेरणी कशाची करावी हें ज्यास आज ठरवावयाचें आहे, त्यानें मागील हंगामांचीं टिपणें बाजूस कां ठेवावीं? खुद्द फिशर यांनीं १९२६ सालीं लिहिलें होतें, कीं नीट आंखलेला प्रयोग पुनःपुन्हां तोच कौल देईल तेव्हांच गोष्ट सिद्ध मानावी. लोकांनीं विसांत एक तेवढें उचललें.

आमच्या मतें संघानें एवढी मागणी करावी: एकंदर किती जाती परीक्षेस घेतल्या, किती हंगाम व कोणत्या जमिनींत त्या पाहिल्या, आणि पेरणीपूर्वीं काय अपेक्षा धरली होती, हे आंकडे प्रत्येक अहवालांत छापावे, नापसंत ठरलेल्या जातींसुद्धां.