बेळ्ळंदूरचा फेस आणि शरावतीचे रान

बंगळूरच्या आग्नेयेस पसरलेले बेळ्ळंदूर तळे सुमारे नऊशे एकरांचे, शहरातील सर्वांत मोठे. एके काळी त्याच्या पाण्यावर शेती होत असे, मासेमारी चालत असे. मे २०१५ मध्ये या तळ्यावरील फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग भडकली आणि जानेवारी २०१८ मध्ये तर ती विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले. शहराच्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा प्रक्रियेविना या तळ्यात सोडला जात होता आणि त्याच्या परिसरात काचेचे मनोरे उभे राहत होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारला ५० कोटी आणि महापालिकेला २५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हा बोजा पडतो सार्वजनिक तिजोरीवर. जमिनीच्या व्यवहारांत ज्यांनी गडगंज नफा कमावला, त्यांच्या खिशाला मात्र चाट नाही!

स्वतःच्या तळ्याला आग लावून मोकळ्या झालेल्या या नगरविकासाची तहान आता कोठे वळली आहे? २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने शरावती नदीवरील लिंगनमक्की जलाशयातून ३० टीएमसी पाणी बंगळूरला आणण्याची योजना पुढे केली. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. शिवाय जलाशयाच्या पातळीपासून पाणी साडेतीनशे मीटर वर चढवायचे. १० जुलै २०१९ रोजी शिमोगा जिल्ह्याने बंद पाळून या योजनेला उत्तर दिले.

ज्या खोऱ्यावर हा डोळा आहे ते सामान्य रान नव्हे. आशियातील उष्णकटिबंधीय वर्षावनांचा पश्चिम घाटातील एक अखेरचा मोठा तुकडा तेथे उरला आहे. कानडी शेतकरी ज्याला सिंगळीक म्हणतो तो सिंहपुच्छ वानर येथे राहतो. जगात तो फक्त पश्चिम घाटातच आढळतो. त्याचे सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जाते. माथ्यावरील फांद्यांचे छत रस्त्याने वा वीजवाहिनीने तुटले की कळप एकमेकांपासून तुटतात. मादीला दोन पिलांमध्ये अडीच-तीन वर्षांचे अंतर लागते, म्हणून एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. याच परिसरात, सिद्दापूर तालुक्यातील कत्तलेकान येथे, रानटी जायफळाच्या दलदली आहेत. चिखलात श्वास घेता यावा म्हणून या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वर येतात. बिब्ब्याच्या कुळातील एक वृक्ष तेथे सापडला आणि २००० साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. कत्तलेकानचेच नाव त्याला देण्यात आले. त्याची मोठी झाडे शंभरही नाहीत. ही दलदल वर्षभर ओढे वाहते ठेवते आणि खालच्या सुपारीच्या बागा त्याच पाण्यावर जगतात. ‘दुर्मीळ झाड’ म्हणून ज्याची हेटाळणी होते ते शेतकऱ्याच्या उपजीविकेशी असे बांधलेले आहे.

‘माकड हवे की माणूस?’ हा सवाल अशा वेळी हमखास टाकला जातो. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या धरणासाठीही हाच डांगोरा पिटला गेला होता. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९७९ मध्ये त्या प्रकल्पाची तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक चिकित्सा प्रसिद्ध करून हा बनाव उघडा पाडला. १९८३ मध्ये धरण सोडून द्यावे लागले. त्यावाचून केरळ काही अंधारात बुडाला नाही.

शरावतीत २०१९ मध्ये सिंहपुच्छ वानरासाठी सुमारे ९३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. अभयारण्यातून परवान्याविना वनोपज उचलणारा गावकरी कायद्याने गुन्हेगार ठरतो. त्याच अभयारण्यात २००० मेगावॅटच्या उदंचन वीजप्रकल्पाचा घाट घातला जातो आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती त्याला तत्त्वतः मान्यता देते! मागणी कमी असताना वीज खर्चून पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज काढायची, ही उदंचनाची रीत. यात मिळणारी वीज खर्चलेल्या विजेपेक्षा नेहमीच कमी असते. साठवणुकीची गरज कोणी नाकारत नाही. पण ती उरल्यासुरल्या वर्षावनाच्या पोटातच का भागवायची, याचे समाधानकारक उत्तर सागर आणि होन्नावरच्या जनतेला मिळालेले नाही.

हे सारे ‘बंगळूरसाठी’ म्हणे. कोणाच्या बंगळूरसाठी? जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहार येथे ‘बांगलादेशी’ असा शिक्का मारून स्थलांतरित मजुरांच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरविण्यात आला. त्यांत उत्तर कर्नाटकातले मजूर होते, आसाम-त्रिपुराचेही होते. उच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदेशीर ठरविली. शहर उभारणाऱ्या या हातांना निवाऱ्याचाही हक्क नाही. शरावतीचे पाणी प्रथम त्यांच्या घागरीत पडेल, असे कोणी छातीठोकपणे सांगेल काय? लिंगनमक्की धरण १९६४ मध्ये पुरे झाले आणि हजारो कुटुंबे उठविली गेली. साठ वर्षे उलटूनही त्यांतील अनेकांना मिळालेल्या जमिनीचा कायदेशीर हक्क नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांची कहाणी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही.

वानराचे मानवात रूपांतर होण्यात श्रमाचा वाटा काय, याविषयी एंगेल्स यांनी १८७६ मध्ये लिहिलेल्या निबंधात क्यूबातील मळेवाल्यांचे उदाहरण आहे. एका पिढीच्या कॉफीसाठी त्यांनी डोंगरउतारावरील रान जाळले. पुढे धुवांधार पावसाने माती धुऊन नेली आणि उघडा खडक उरला. घाटातला पाऊस क्यूबाच्या पावसाहून दयाळू नाही.

लिंगनमक्कीच्या विस्थापितांना पट्टे द्या. बंगळूरच्या सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया करून ते पाणी प्रथम शहराच्याच वापरात आणा. तळ्यांभोवतीची अतिक्रमणे काढताना झोपड्यांच्या आधी मनोऱ्यांकडे पाहा. आणि उदंचन प्रकल्पाने अभयारण्यात मागितलेली वनजमीन नाकारा. पाण्याचे व विजेचे हिशेब कानडीत छापून ग्रामसभांपुढे ठेवल्याविना शरावतीच्या खोऱ्यात एकही यंत्र उतरता कामा नये.